शाळेसमोर ३० ची पाटी का लागते, आणि नुसती पाटी का पुरत नाही

शाळेजवळच्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लावायची म्हटली की पहिला प्रश्न हमखास येतो: ३० च का? ४० ठेवली तर काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर शाळेतल्याच गणितात मिळतं.

समजा, उभ्या असलेल्या दोन गाड्यांच्या फटीतून एक मूल अचानक रस्त्यावर आलं. येणारी गाडी त्याच्यापासून साडेतेरा मीटरवर आहे. चालक सावध आहे, रस्ता कोरडा आहे, ब्रेक उत्तम आहेत. मूल डोळ्यांना दिसणं, मेंदूला ते कळणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात चांगल्या चालकाचाही साधारण एक सेकंद जातो. तेवढा वेळ गाडी आधीच्याच वेगाने पुढे येत असते. मग ब्रेक लागतो आणि दर सेकंदाला वेग ताशी २५ किलोमीटरने उतरू लागतो.

३० ने येणारी गाडी त्या पहिल्या सेकंदात सव्वाआठ मीटर पुढे येते, ब्रेक लागल्यावर आणखी पाच मीटर जाते आणि मुलापासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबते. ४० च्या गाडीचे पहिल्या सेकंदातच अकरा मीटर संपलेले असतात. उरलेल्या अडीच मीटरांत तिचा वेग कसाबसा ३४ वर येतो आणि त्या वेगाने ती मुलाला धडकते. ५० ची गाडी एका सेकंदात जवळपास चौदा मीटर कापते. म्हणजे चालकाचा पाय ब्रेकवर पडायच्या आत गाडी मुलावर आदळलेली असते, पूर्ण ५० च्या वेगाने.

पाटीवर फरक दहाचा दिसतो. मुलाच्या अंगावर तो शून्य आणि ३४ एवढा पडतो. आणि हे सगळं चालक सावध असताना. त्याची नजर एक सेकंद फोनकडे गेली असेल, तर ३० ची गाडीही थांबायला साडेतेराऐवजी बावीस मीटर घेते. पावसाने रस्ता ओला असेल तर त्याहून जास्त.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हेही इथे लक्षात घ्यायला हवं. ३० वरून ५० वर गेल्यावर वेग पावणेदोन पटही होत नाही, पण गाडी अंगावर आणते ती ऊर्जा पावणेतीन पट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार रस्त्यांवर दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचं सर्वांत मोठं कारण रस्त्यावरचे अपघात हेच आहे. रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताची शक्यता सुमारे ४ टक्क्यांनी वाढते, असंही हीच संघटना सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोमला झालेल्या, रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक मंत्रिपरिषदेच्या जाहीरनाम्यात, चालणारी-सायकल चालवणारी माणसं आणि वाहनं जिथे नेहमी एकत्र येतात तिथे ३० हीच कमाल मर्यादा असावी, असं म्हटलं गेलं ते याच आधारावर. ३० हा आकडा माणसाच्या शरीराला किती मार सोसतो आणि त्याचा मेंदू किती लवकर हलतो, यावरून आलेला आहे.

मुलांना नीट शिकवलं तर?

दुसरा प्रश्न लगेच मागून येतो. गाड्यांना अडवण्यापेक्षा मुलांनाच रस्ता ओलांडायला शिकवा, हवं तर परीक्षा घ्या. काही देश खरोखर अशी परीक्षा घेतात. नेदरलँड्समध्ये प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत, दहा ते बारा वयाच्या मुलांची वाहतुकीची परीक्षा होते. आधी लेखी, मग प्रत्यक्ष रस्त्यावर सायकल चालवून. जर्मनीत चौथीच्या आसपासच्या मुलांना पोलिसांच्या मदतीने सायकलचं प्रशिक्षण देतात आणि शेवटी त्यांची चाचणी घेतात. मुलं यातून पुष्कळ शिकतात, आणि हे शिक्षण द्यायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

पण परीक्षा काय मोजते ते नीट पाहायला हवं. मुलाला काय ठाऊक आहे, हे ती मोजते. शाळा सुटल्यावर समोरच्या फुटपाथवर आई दिसली, त्या क्षणी ते मूल काय करेल, हे कुठल्याही प्रश्नपत्रिकेत मोजता येत नाही. पायी चालणाऱ्यांना सुरक्षिततेचं शिक्षण दिल्याने नेमका काय फरक पडतो, यावरच्या १५ यादृच्छिक चाचण्यांचा (म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या तुलनांचा) एकत्रित आढावा २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षणाने मुलांचं ज्ञान वाढतं, रस्ता ओलांडण्याची पद्धत सुधारू शकते, असं त्यात दिसलं. पण अपघात आणि इजा कमी झाल्या का, हे त्या १५ पैकी एकाही चाचणीने मोजलेलं नव्हतं. आपण मुलांना पैकीच्या पैकी गुण देतो आणि रस्ता सुरक्षित झाला असं धरून चालतो. या दोन गोष्टींना जोडणारा पुरावा त्या चाचण्यांत नव्हताच.

यामागे मुलांचा हट्ट किंवा बेपर्वाई नसते, त्यांच्या वाढीचा टप्पा असतो. स्वीडनमधल्या मानसशास्त्रज्ञ स्टीना सांदेल्स यांनी १९६० च्या दशकात मुलांच्या रस्त्यावरच्या वागण्याचा बारकाईने अभ्यास केला. लहान मुलांना वाहतुकीच्या साच्यात बसवता येत नाही, वाहतुकीलाच मुलांच्या मापाचं व्हावं लागेल, असा त्यांच्या कामाचा रोख होता.

एक गोष्ट जवळून पाहू. गाडी किती वेगाने येते आहे हे आपल्याला कळतं ते मुख्यतः डोळ्यांतली तिची प्रतिमा किती झपाट्याने मोठी होते त्यावरून. आता दोन गाड्या घ्या. दोन्ही मुलापर्यंत पोहोचायला बरोबर पाच सेकंद लागणार आहेत. पहिली ३० ने येते आहे, म्हणजे ती साधारण ४२ मीटरवर आहे. दुसरी ६० ने येते आहे, म्हणून ती ८३ मीटरवर आहे. दुसरी गाडी दुप्पट लांब असल्यामुळे निम्मी दिसते, आणि तिची प्रतिमा वाढतेही निम्म्या गतीनेच. जी गाडी जास्त धोक्याची, तीच मुलाच्या डोळ्यांना जास्त लांबची आणि जास्त संथ वाटते. मोठ्यांची दृष्टी हा बारीक फरक बऱ्यापैकी टिपते. मुलांची ती क्षमता अजून तयार होत असते. लंडनच्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच मोजलं. गाडी ताशी ३२ किलोमीटरपेक्षा, म्हणजे २० मैलांपेक्षा, वेगात असेल तर ती जवळ येते आहे हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे थांबण्याच्या अंतराचं गणित ज्या ३० कडे बोट दाखवतं, त्याच्याच आसपास मुलांच्या डोळ्यांची मर्यादाही येऊन थांबते.

“उजवीकडे बघ, डावीकडे बघ, मग परत उजवीकडे” हे मूल अगदी मनापासून करतं. बघतंही. पण बघून जे समजायला हवं ते त्याला समजेलच असं नाही. त्यातच सहा-सात वर्षांच्या मुलाची उंची उभ्या गाडीच्या टपापर्यंतही पोहोचत नाही. त्याला पलीकडचं दिसत नाही आणि चालकाला ते दिसत नाही. या वयाच्या मुलावर स्वतःच्या जिवाची जबाबदारी टाकणारा नियम, कितीही चांगल्या हेतूने केलेला असो, चुकीच्या खांद्यावर ओझं देतो.

नियमांत काय काय असतं

स्कूल झोन म्हणजे शाळेच्या फाटकाभोवतीचा ठरावीक पट्टा. तिथे वेगमर्यादा कमी असते, थांबण्या-वळण्याचे नियम वेगळे असतात आणि दंड बहुधा जास्त. कुठे तो अंतरावर ठरतो. दक्षिण कोरियात मुख्य फाटकापासून ३०० मीटरच्या परिघात बालसंरक्षण क्षेत्र जाहीर करता येतं आणि तिथे साधारणपणे ३० ची मर्यादा असते. कुठे तो वेळेवर ठरतो. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात शाळेच्या दिवशी सकाळी ८ ते साडेनऊ आणि दुपारी अडीच ते ४ या वेळात साधारणपणे ४० ची मर्यादा लागू असते. त्याच देशातल्या साउथ ऑस्ट्रेलियात मर्यादा २५ ची आहे, पण मुलं रस्त्यावर असतील तेव्हाच. अमेरिकेतही पुष्कळ पाट्यांवर “मुलं असताना” अशी अट लिहिलेली दिसते.

ही शेवटची अट मला पटत नाही. मूल दिसल्यावर वेग कमी करायचा, हे ऐकायला योग्य वाटतं. पण वर पाहिलेलं साडेतेरा मीटरचं गणित इथे लावून बघा. मूल दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. चालकाला नियम लागू झाल्याचं कळतं तेच मूल पुढ्यात आल्यावर. त्यापेक्षा ठरावीक वेळा, किंवा नियम लागू असताना लुकलुकणारे पिवळे दिवे, कितीतरी बरे. चालकाला अंदाज बांधावा लागत नाही.

वेळेच्या नियमातही एक भोक आहे आणि त्याकडे फारसं कुणी पाहत नाही: परीक्षेचे दिवस. एरवी शाळा साडेतीनला सुटत असेल, तर झोनच्या वेळा त्यानुसार ठरलेल्या असतात. परीक्षेच्या आठवड्यात पेपर संपतो साडेबाराला आणि शेकडो मुलं एकाच वेळी बाहेर पडतात. हातात प्रश्नपत्रिका, तोंडी “तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर काय लिहिलंस?”, आणि लक्ष पूर्णपणे त्यात. त्या वेळी दिवे बंद, मर्यादा ५०, रस्ता ओलांडून देणारा माणूस कामावर नाही. सराव परीक्षा, स्पर्धा परीक्षा, एका शाळेची मुलं दुसऱ्या शाळेत परीक्षेला जाणं, हे सगळं या वेळांच्या बाहेर पडतं. दुसऱ्या शाळेत आलेल्या मुलांना तर तो रस्ताच अनोळखी असतो. परीक्षेचं वेळापत्रक शाळा ठरवते, झोनच्या वेळा रस्ता सांभाळणारं खातं ठरवतं, आणि या दोन कागदांची एकमेकांशी गाठच पडत नाही. दिव्यांच्या वेळा वर्षाच्या सुरुवातीलाच परीक्षांच्या तारखांप्रमाणे लावून घेणं किंवा चोवीस तास एकच मर्यादा ठेवणं, हे दोनच सरळ मार्ग आहेत. मी दुसऱ्याच्या बाजूने आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सगळीकडे ३० ची मर्यादा लावली. स्पेनने मे २०२१ पासून शहरांतल्या, प्रत्येक दिशेला एकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ती देशभर आणली. अशा ठिकाणी मुलांना शाळेपासून घरापर्यंत तीच मर्यादा सोबत करते. शेवटी मूल काही फक्त शाळेच्या फाटकासमोरच रस्ता ओलांडत नाही.

दंडाबद्दल थोडक्यात. दक्षिण कोरियात मार्च २०२० पासून स्कूल झोनमध्ये वेग टिपणारे कॅमेरे बंधनकारक झाले आणि चालकाच्या निष्काळजीपणामुळे मुलाचा मृत्यू झाल्यास किमान तीन वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आली. कडक शिक्षेचा उपयोग असतो, पण ती अपघातानंतरची गोष्ट आहे. रोजच्या वागण्यावर जास्त परिणाम कॅमेऱ्याचा होतो, कारण आपण सापडू शकतो ही जाणीव तो प्रत्येक फेरीला करून देतो.

रस्ता बदलणं

पाटी लावली आणि रस्ता तसाच रुंद, सरळ, गुळगुळीत ठेवला, तर चालक पाटीचं ऐकत नाही, रस्त्याचं ऐकतो. म्हणून ज्या शहरांनी हा विषय मनावर घेतला त्यांनी रस्त्याची बांधणीच बदलली. झेब्रा क्रॉसिंग फुटपाथच्या उंचीला उचलून घेतलं की ते क्रॉसिंगही होतं आणि गतिरोधकही. क्रॉसिंगच्या जागी फुटपाथ दोन्ही बाजूंनी रस्त्यात पुढे आणला की ओलांडायचं अंतर कमी होतं, आणि मूल उभ्या गाड्यांच्या आड न राहता त्यांच्या पुढे येऊन उभं राहतं. इथे त्याला गाडी दिसते आणि चालकाला ते. माझ्या मते सगळ्या उपायांत कमी खर्चाचा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे क्रॉसिंगच्या अलीकडे-पलीकडे गाड्या उभ्या करू न देणं. ब्रिटनमध्ये शाळेच्या फाटकासमोर पिवळ्या नागमोडी रेषा आखलेल्या असतात, त्या एवढ्यासाठीच. त्या जागेवर “दोनच मिनिटं” थांबलेली गाडी जो आडोसा तयार करते, त्यातूनच साडेतेरा मीटरवर अचानक दिसणारं मूल बाहेर येतं.

आणि ती गाडी पुष्कळदा शाळेतल्याच दुसऱ्या मुलाच्या पालकांची असते. हे बोलायला अवघड आहे, पण बोलायला हवं. रस्ता धोक्याचा म्हणून पालक मुलाला गाडीने सोडतात, त्यामुळे फाटकासमोर गाड्या वाढतात, रस्ता आणखी धोक्याचा होतो आणि आणखी पालक गाडी काढतात. दोष कुणा एका आईबापाचा नाही. प्रत्येकजण आपल्या लेकराचाच विचार करतो आहे. हे चक्र शाळेने आणि नगरपालिकेने मिळूनच तोडावं लागतं. इटलीतल्या बोल्झानो शहराने त्यासाठी एक सोपा मार्ग काढला: शाळा भरताना आणि सुटताना थोडा वेळ समोरचा रस्ता वाहनांसाठी बंद. पुढे लंडनमध्ये असे शेकडो रस्ते झाले. पॅरिसने २०२० पासून शाळांसमोरचे अनेक रस्ते कायमचेच बंद करून तिथे झाडं लावायला घेतली.

हे सगळं आपोआप घडलं नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात ४०० हून अधिक मुलं रस्त्यावर मेली, तेव्हा आईवडील “बालहत्या थांबवा” अशा थेट नावाची चळवळ उभारून रस्त्यावर उतरले. आज तिथले शांत वस्तीतले रस्ते आपण कौतुकाने पाहतो, त्यामागे तो राग आहे. डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहराने १९७० च्या दशकापासून मुलांच्या शाळेच्या वाटा शोधून त्यांवरची धोक्याची ठिकाणं एकेक करून दुरुस्त केली. मुलांना शाळेच्या वाटेवर वाहतुकीपासून जपणं हे डेन्मार्कच्या कायद्याने पोलिसांवर आणि रस्ते सांभाळणाऱ्यांवर कर्तव्य म्हणून टाकलेलं आहे. कर्तव्य म्हटलं की कुणीतरी उत्तरदायी ठरतो.

आपल्या शाळेसमोर काय करता येईल

बहुतेक देशांत रस्त्याच्या वापराचे मोठे नियम संसद किंवा राज्य करतं, पण अमुक रस्त्यावर अमुक ठिकाणी मर्यादा लावण्याचा अधिकार तो रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या स्थानिक संस्थेकडे किंवा पोलिसांकडे असतो. म्हणून आधी रस्ता कुणाचा आहे ते शोधा. चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज महिनोन्‌महिने फिरत राहतो. पाटीमागे रीतसर आदेश आहे का, हेही विचारा. अनेक ठिकाणी आदेशाशिवाय लावलेल्या पाटीवर दंड आकारता येत नाही.

मग वेग मोजा. त्याला यंत्र लागत नाही. रस्त्याकडेला दोन खुणा धरून ५० मीटर अंतर मोजून घ्या आणि फोनवरच्या स्टॉपवॉचवर, गाडी पहिल्या खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत किती सेकंदांत जाते ते पाहा. ६ सेकंद लागले तर वेग ३०. साडेचार लागले तर ४०. साडेतीनच्या आसपास म्हणजे ५०. रस्त्यापासून लांब, सुरक्षित जागी उभे राहा, आणि हे काम मोठ्यांनीच करा. हाताने मोजताना थोडी चूक होतेच, म्हणून निदान शंभर गाड्या मोजा. नोंदी कमी वेगाकडून जास्त वेगाकडे लावल्या की ८५ व्या गाडीचा वेग पाहा. रस्त्यांचे अभियंते हाच आकडा वापरतात. सरासरीमागे वेगवान गाड्या लपतात, या आकड्यामागे तेवढ्या लपत नाहीत. गर्दीच्या वेळी गाड्या मुळातच रांगत असतात, त्यामुळे रस्ता मोकळा असतानाही मोजा. परीक्षेच्या दिवशी दुपारी साडेबाराला जमलं तर उत्तमच.

अर्जात “रस्ता धोकादायक आहे” एवढंच लिहिलं तर उत्तरही तितकंच मोघम येतं. कुठल्या फाटकासमोर, किती वाजता, ८५ व्या गाडीचा वेग किती, किती मुलं ओलांडतात, क्रॉसिंगजवळ कुठे गाड्या उभ्या राहतात, हे लिहा. शाळेच्या वर्षभराच्या वेळापत्रकाची प्रत जोडा आणि परीक्षांच्या तारखांवर खूण करा. बदल झाल्यावर महिन्याभराने त्याच दोन खुणांमध्ये, त्याच वेळांना पुन्हा शंभर गाड्या मोजा आणि तो आकडाही त्याच कार्यालयात नेऊन द्या.